आमलीपाड्याची नावं

अभिमन कौतिक महाजन कपाटाला कुलूप लावायचा, ते ओढून बघायचा, चार पावलं जायचा आणि परत येऊन पुन्हा एकदा ओढून बघायचा. चोपड्यातल्या ज्या ट्रस्टच्या दवाखान्यात तो रेकॉर्ड सांभाळत होता, तिथले कंपाउंडर आणि नर्सबाया त्याला यावरून हसत. हसा म्हणे. त्याच्या कपाटात सोनंनाणं नव्हतं, नावं होती. सोनं गेलं तर पोलीस तरी शोधतात. नाव एकदा बाहेर पडलं की ते परत आणता येत नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

ही नावं सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरची. तिथं कित्येक घरांत सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे. तो आईबापांकडून येतो. काहींच्या अंगात तो नुसता असतो, त्रास काही देत नाही. अशांना वाहक म्हणतात. पण वाहकाचं वाहकाशी लग्न झालं तर एखाद्या मुलाला खरा आजार होण्याची भीती असते. मग हाडं ठणकतात, अंग पिवळं पडतं, आणि पुष्कळदा ते मूल मोठं होतच नाही. दवाखान्याच्या डॉक्टर भंगाळे मॅडम दर हिवाळ्यात पाड्यांवर जाऊन रक्त तपासत. पहिल्या वर्षी कुणी बोटच पुढं करेना. कारण उघड होतं. वाहक मुलगी धडधाकट असली तरी लोक तिला रोगी म्हणणार, आणि एकदा म्हटलं की तिच्या दारात कुणी सोयरीक घेऊन येणार नाही.

शेवटी मॅडमनी आमलीपाड्याच्या शाळेपुढं उभं राहून शब्द दिला. ज्याचा निकाल त्याच्याच घरात, बंद पाकिटात. तिसऱ्या माणसाच्या कानावर नाव जाणार नाही. शेजारी अभिमन रजिस्टर छातीशी धरून उभा होता. मॅडम त्याच्याकडे बोट करून म्हणाल्या, नावं या भाऊंच्या कुलपात राहतील. सगळ्या पाड्यानं एकदम त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं रजिस्टर आणखी घट्ट धरलं. पहिलं बोट पुढं केलं ते खेमानं. खेमाचा थोरला मुलगा सहाव्या वर्षी याच आजारानं गेलेला होता. त्याच्या मागून त्याची बायको गुंताबाई आली आणि तिच्या मागून पंधरा वर्षांची रायली. ही गोष्ट त्र्याण्णव सालची.

शहाण्णव साली दवाखान्यात कॉम्प्युटर आला. नारळ फुटला, खोलीला पडदा लागला, बाहेर चपला काढायची पाटी लागली. अभिमनला दोन महिने जळगावला पाठवलं. तो पिंप्राळ्यात बहिणीकडे राहिला आणि रोज सकाळी क्लासला जाऊन वयानं निम्म्या मुलामुलींच्या मागच्या बाकावर बसला. चाळिशी ओलांडलेली, इंग्रजी मॅट्रिकपुरतं. पण परत आल्यावर त्यानं चार महिन्यांत सगळी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवली. चढवताना एक युक्ती केली. दोन फोल्डर केले. एकाचं नाव आकडे; त्यात प्रत्येक माणसाचा नंबर, वय, गाव आणि निकाल. दुसऱ्याचं नाव नावे. त्यात तो नंबर कुणाचा ते, आणि मॅडमनी त्या घराबद्दल लिहिलेला शेरा. एक फोल्डर कुणाला दाखवला तरी दुसऱ्याशिवाय त्याला अर्थ नाही. मॅडमनी हे पाहून त्याची पाठ थोपटली होती. दोन्ही फोल्डर एकाच पेटीत आहेत, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत धुळ्याहून पत्र आलं. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या सहा केंद्रांची माहिती एकत्र करायची होती. त्यासाठी एक प्रोग्रॅम बनवला होता; तो बसवायला जळगावच्या एका कॉम्प्युटर दुकानाचा माणूस येईल, माहिती फ्लॉपीवर घेऊन जाईल. फक्त आकडे पाहिजेत, नावं नकोत, असं पत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं. गुरुवारी धुळ्यात बैठक, म्हणून बुधवारपर्यंत माहिती पोचली पाहिजे. न पोचल्यास केंद्राचा विचार होणार नाही. ही शेवटची ओळ अभिमननं तीनदा वाचली. केंद्राचा विचार झाला नाही तर पुढच्या वर्षीच्या गोळ्या आणि तपासणीचं सामान बंद, हे त्याला कळत होतं.

दुकानाचा माणूस, मगन, आला तो बुधवारीच, अकरा वाजता. तिशीतला, बोलका, गळ्यात मफलर. भंगाळे मॅडम भाचीच्या लग्नाला पुण्याला गेल्या होत्या. मगननं तीन फ्लॉप्या एकामागून एक घातल्या, प्रोग्रॅम बसवला, सुरू केला. पडद्यावर एक चौकट आली. इंग्रजी दिसलं की बोट ठेवून वाचायची अभिमनला सवय. चौकटीत विचारलं होतं, या कॉम्प्युटरवरच्या फायली वाचायची परवानगी या प्रोग्रॅमला द्यायची का. खाली तीन बटणं. सगळ्या, ठराविक, नाही.

अभिमन म्हणाला, ठराविक. मगननं ते दाबलं, आकडे फोल्डर दाखवला. प्रोग्रॅमनं सांगितलं, असा फोल्डर सापडत नाही. पुन्हा दाखवला, पुन्हा तेच. मगननं घड्याळ पाहिलं. त्याला दोनची जळगाव बस पकडायची होती आणि संध्याकाळी फ्लॉप्या धुळ्याच्या जीपवाल्याच्या हातात द्यायच्या होत्या.

"भाऊ, सगळ्या करून टाका," तो म्हणाला. "त्याला जे लागतं तेच तो उचलतो."

"नावांना हात नाही ना लावणार?"

"प्रोग्रॅम आहे हो, माणूस नाही. त्याला कुणाच्या नावांशी काय देणंघेणं? पाची केंद्रांवर सगळ्यांनी सगळ्याच दिल्या."

अभिमन उठून समोरच्या एसटीडी बूथवर गेला. पुण्याचा नंबर दोनदा फिरवला. घंटी वाजत राहिली, कुणी उचललं नाही. लग्नघर रिकामं असणारच. परत आला तर चौकट तशीच उभी. नाही हे बटण होतं. ते दाबलं असतं तर कुणी त्याला फासावर चढवणार नव्हतं. पण पत्रातली ती शेवटची ओळ डोळ्यांपुढून हलेना, मगन पायानं फरशीवर ठेका धरून बसलेला, आणि समोरचं यंत्र असं विचारत होतं की जणू हो म्हणणं हाच रिवाज आहे. त्यानं माऊसवर हात ठेवला. मगननं दाबलं नाही. अभिमननंच दाबलं.

पुढचा पाऊण तास फ्लॉपीचा दिवा लुकलुकत राहिला. एक भरली, दुसरी मागितली, तिसरी, चौथी. मगननं चारही रबरानं बांधल्या, चहा घेतला आणि तो बसस्टँडकडे गेला.

सकाळचे केसपेपर लावून अभिमन डबा खायला बसला तेव्हा अडीच वाजले होते. बायकोनं, ताईबाईनं, भरीत-भाकरी दिली होती. दुसराच घास तोंडात होता आणि त्याचा हात थांबला. आकडे फोल्डर त्यानं महिन्यापूर्वीच एका फ्लॉपीवर उतरवून ठेवला होता. एका फ्लॉपीवर. निम्मी जागा उरली होती. मग आज चार कशाला लागल्या?

डबा तसाच ठेवून तो आत धावला. प्रोग्रॅमनं मागं एक नोंद ठेवली होती, काय काय वाचलं त्याची. तो बोट ठेवून एकेक ओळ खाली गेला. आकडे होतं. त्याखाली मॅडमची पत्रं होती, औषधांच्या याद्या होत्या, त्याच्या स्वतःच्या रजेचा अर्ज होता. आणि मग नावे. नावेमधली एकूण एक फाईल, पाड्यांच्या क्रमानं. सगळ्यात वर लिहिलं होतं, परवानगी दिली, वेळ अकरा बावन्न, ऑपरेटर अभिमन.

पहिला विचार आला तो लाजिरवाणा होता, आणि पुढं त्यानं तो स्वतःच कबूल केला: ही नोंद पुसून टाकावी. दुसरा विचार आला खेमाचा. त्यानं नोंद पुसली नाही. पडदा ओढला, कंपाउंडरला सांगितलं की जळगावला जातोय, आणि मिळाली ती बस धरली.

तापी ओलांडून गाडी जळगावात शिरेपर्यंत तो मनाशी पुन्हा पुन्हा तेच घोकत होता. मगन चांगला माणूस आहे. मागितल्या तर फ्लॉप्या देईल. एक फ्लॉपी त्याच्या हातात ठेवायची, तीन खिशात टाकायच्या, झालं. दुकानात गेला तर मगन घरी गेलेला. घर पिंप्राळ्यातच, बहिणीच्या कॉलनीच्या पलीकडे. मगन ओट्यावर मुलीची वेणी घालत बसला होता. अभिमनला पाहून आधी हसला आणि मग सगळं ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. फ्लॉप्या तासाभरापूर्वीच जीपमध्ये गेल्या होत्या. तो म्हणाला, चूक झाली भाऊ, मलाच माहीत नव्हतं तो एवढं उचलतो. त्यानं धुळ्याच्या बैठकीचा पत्ता लिहून दिला. स्वतः यायला तयार झाला नाही. आला असता तरी काय झालं असतं कुणास ठाऊक.

रात्र बहिणीकडे काढून दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं अभिमन धुळ्याला निघाला. एरंडोल गेलं. पारोळ्याला गाडी पंक्चर झाली आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून तो ड्रायव्हरला जॅक लावायला मदत करू लागला. नुसतं उभं राहणं त्याला सोसत नव्हतं. धुळ्यात पोचला तेव्हा साडेअकरा झाले होते.

बैठक एका शाळेच्या सभागृहात होती. पाड्यापाड्यांवरचे आरोग्यसेवक, सेविका, असे तीसेक लोक खुर्च्यांवर. प्रत्येकाच्या हातात टाचलेले कागद. दाराशीच एका सेविकेच्या मांडीवरचा कागद त्यानं वाकून पाहिला. प्रोग्रॅमनं नंबराला नंबर जुळवला होता. नंबर, नाव, बापाचं नाव, पाडा, निकाल, आणि शेवटच्या रकान्यात मॅडमचा शेरा. पहिल्याच पानावर आमलीपाडा. आकडे कुणाचे आणि नावं कुणाची हे वेगळं ठेवायला त्यानं जे चार महिने घातले, ते एका रात्रीत कुणीतरी प्रिंटरवर शिवून टाकलं होतं.

मंचावर तोताराम साहेब बोलत होते. या सगळ्या कामाचे ते प्रमुख. अभिमन जन्मात कधी भर सभेत उठून बोलला नव्हता; ट्रस्टच्या वार्षिक सभेत तो मागं उभा राहून पाणी वाटायचा. तो खुर्च्यांच्या मधून चालत पुढं गेला आणि मंचाखाली उभा राहिला. साहेब थांबले. काय पाहिजे, असं त्यांनी विचारलं. चोपड्याची यादी परत घ्या, अभिमन म्हणाला, त्यात नावं आलीत, ती यायला नको होती.

साहेब चिडले नाहीत, तेच अवघड झालं. त्यांनी शांतपणे यादीचं शेवटचं पान उलटलं आणि चष्मा वर केला. "तुमच्या केंद्रानं परवानगी दिलीय. इथं छापलंय. ऑपरेटर अभिमन. हे कोण?"

"मीच."

"मग आता तक्रार कशाची?"

अभिमननं मंचाची कड धरली. तो म्हणाला, "परवानगी मी दिली, साहेब. पण ती माझी नव्हती. ज्यांची नावं आहेत त्यांनी मला नावं सांभाळायला दिली होती, वाटायला नाही. माझ्याजवळ जे नव्हतंच ते मी देऊन बसलो."

साहेबांनी चष्मा काढून यादीवर ठेवला. मग त्यांनी कागद परत गोळा करायला सांगितलं. त्यांच्या चांगुलपणाची बाजू म्हणायची तर ही, की त्यांनी वाद घातला नाही. आणि दुसरी बाजू ही, की आपल्या पत्रात नावं नकोत असं लिहूनही नावं छापली कशी गेली, याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. अभिमननं चोपड्याच्या चारही फ्लॉप्या परत मागून घेतल्या, तिथल्या यंत्रातली नावं आपल्यासमोर पुसायला लावली आणि एकेक संच हातात घेऊन मोजला. तीस छापले होते. एकोणतीस भरले.

तिसावा भाईदासकडे होता. भाईदास म्हणजे आमलीपाड्याच्या खालच्या गावातला आरोग्यसेवक, वयानं मोठा, कामाला वाघ. त्याला लांब जायचं म्हणून यादी मिळताच तो उठून गाडीला गेला होता.

त्या दिवशी अभिमनला अमळनेरमार्गे चोपड्याला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि पुढं डोंगराकडे जाणारी गाडी सुटून गेलेली. घरी ताईबाईनं विचारलं, काय झालं. त्यानं सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली की नोकरी गेली तर माझ्या भावाकडे रावेरला केळीच्या गाड्या भरायचं काम असतं, त्याची काळजी करू नका. दुसरं जे आहे त्याची करा.

शुक्रवारी दुपारी तो भाईदासच्या ओट्यावर पोचला. भाईदासनं पाणी दिलं आणि अभिमन विचारण्याआधीच बोलू लागला. आदल्या दिवशी वाटेत आठवड्याचा बाजार होता. तिथं त्याला रायलीचा होणारा सासरा भेटला. रायलीची सोयरीक पलीकडच्या पाड्यावर ठरलेली, होळीनंतर लग्न. भाईदासनं त्याला बाजूला घेऊन सांगून टाकलं, की पोरीच्या नावापुढं वाहक लिहिलंय, बघून करा.

"मी वाईट काय केलं?" भाईदास म्हणाला. "लगीन व्हवाना आधी सांगं. मांगून सांगतू तर तूच माले बोलतास."

त्याच्या डोळ्यांत कपट नव्हतं. अभिमननं यादी मागितली. भाईदासनं मान हलवली. साहेबांनी दिलेला कागद साहेबांनाच देईन म्हणाला. अभिमननं वाद घातला नाही. त्याला आता आमलीपाड्याला जायचं होतं, आणि तिथं जाण्याआधीची प्रत्येक सबब त्याला हवीशी वाटत होती, हे त्याचं त्यालाच कळत होतं. वाट सगळी चढाची. दोनदा तो साग-अंजनाच्या सावलीत बसला. काय बोलायचं ते जुळवून पाहिलं. एकदा जुळवलं त्यात मगनचा दोष जास्त येत होता, दुसऱ्यांदा प्रोग्रॅमचा. तिसऱ्यांदा त्यानं जुळवणं सोडून दिलं.

खेमा अंगणात बांबू सोलत होता. गुंताबाई दाराशी बसली होती. निरोप पोचलेला होता, हे दोघांच्या तोंडावर दिसत होतं; सकाळीच मुलाकडून माणूस येऊन सोयरीक राहू द्या म्हणून सांगून गेला होता. पाड्यावरची माणसं आपसांत पावरी बोलत, अभिमनशी अहिराणीत. खेमानं खाट दाखवली. अभिमन बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. चौकट, तीन बटणं, मगनची घाई, पुण्याचा न लागलेला फोन, आणि आपलं बोट. फोन आणि घाई सांगितली खरी, पण शेवटी म्हणाला, बटण मीच दाबलं, दुसऱ्या कुणी नाही.

खेमा ऐकत राहिला. त्याच्या हातातला कोयता थांबला होता. तो काही बोलेल, शिवी देईल, उठून अंगावर येईल, काहीही चालेल असं अभिमनला झालं. तेवढ्यात मागून आवाज आला. रायली पाण्याचा हंडा घेऊन आली होती आणि केव्हापासून उभी होती ते कुणी पाहिलं नव्हतं. एकोणीस वर्षांची, अंगानं सडसडीत.

"नाव मनं शे," ती म्हणाली. "मना बापले कसाले सांगस?"

अभिमन तिच्याकडे वळला. खरंच, तिचा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. चार वर्षांपूर्वी पाकीट त्यानं खेमाच्या हातात दिलं होतं, ती लहान म्हणून. काल धुळ्यात उभं राहून ज्यांची नावं ज्यांची नावं म्हणाला, आणि इथं येऊन बापापुढं उभा राहिला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी तिला. तिनं हंडा खाली ठेवला नाही. डोक्यावर घेऊनच ऐकलं.

मग तिनं विचारलं, वाहक म्हणजे काय. पाकिटात ते होतं. बापानं तिला कधी सांगितलं नव्हतं, भीतीनं किंवा मायेनं. अभिमननं मॅडम सांगतात तसं सांगितलं. तुला आजार नाही. तू मरणार नाहीस. नवरा वाहक नसेल तर पोरांना आजार होणार नाही. नवराही वाहक असेल तर भीती आहे. खेमानं तिथंच मान वर केली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी अभिमनकडे काही मागितलं. त्या मुलाच्या नावापुढं काय लिहिलंय? त्यांच्या पाड्याचंही रक्त तपासलं होतं. पोरीला नाकारणाऱ्याच्या घरात काय आहे ते तर कळू दे.

अभिमनला ते माहीत होतं. चार महिने त्यानं ती नावं स्वतःच्या हातानं चढवली होती. सांगितलं असतं तर खेमाच्या जिवाला थंडावा मिळाला असता, निदान त्या घराला तोंडावर द्यायला उत्तर मिळालं असतं, आणि आपलं ओझंही थोडं उतरलं असतं.

"ते त्याले इचारा, खेमाभाऊ," तो म्हणाला. "तो मनाकडे उना तर त्याले सांगसू. तुम्हले सांगता येत नही."

गुंताबाई रागानं उठून आत गेली. खेमानं कोयता खाली टाकला. रायली मात्र हंडा उतरवून ठेवून म्हणाली, चल. भाईदासकडे.

ती पुढं आणि तो मागं असे दोघं डोंगर उतरले. भाईदासच्या दारात तिनं हात पुढं केला आणि कागद मागितला. साहेबांचा कागद आहे असं भाईदास तिलाही म्हणाला. तिनं विचारलं, साहेबाचं नाव आहे का त्यात? भाईदासनं आत जाऊन यादी आणली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं अभिमनला आपलं नाव कुठं आहे ते दाखवायला लावलं. बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं, आणि सगळे कागद त्याच्या हातात दिले. ते त्यानं भाईदासच्याच चुलीत घातले, आणि पानं जळून काळी होईस्तोवर तिघंही तिथं उभे राहिले.

सोयरीक मोडली ती मोडलीच. तो मुलगा पुढं आठवड्याभरानं एकटा दवाखान्यात आला, मॅडमसमोर बसून आपला निकाल घेऊन गेला. त्यात काय होतं ते अभिमननं कधी कुणाला सांगितलं नाही.

मॅडम पुण्याहून परतल्या तेव्हा त्यांच्या टेबलावर त्याचं पत्र होतं. सगळं लिहून खाली राजीनामा. त्यांनी ते वाचलं, दुपारभर खोलीचं दार लावून बसल्या. ट्रस्टच्या सभेत दोन सभासद त्याला काढा म्हणाले. मॅडम म्हणाल्या, दोन्ही फोल्डर एका पेटीत ठेवू दिले ते मी, आणि लग्नाला जाताना कुणी फोन उचलेल असा नंबर मागं ठेवला नाही तोही मीच. काढायचं तर दोघांना काढा. कुणालाच काढलं नाही. पण अभिमनचं मन लागेना. जेवण कमी झालं. कुठलीही चौकट उघडली की तो हात मांडीवर ठेवून बसायचा आणि अक्षर न् अक्षर वाचायचा. लोक खोळंबायचे.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात त्यानं मॅडमकडे एक मागणं केलं. तपासणीच्या पथकाबरोबर तोही हिंडेल, आणि यादीतल्या प्रत्येकाला, बापाला नाही, नवऱ्याला नाही, ज्याचं नाव त्याला विचारेल की तुझं नाव यंत्रात ठेवू का. हे काम तीन महिने चाललं. पुष्कळांनी हो म्हटलं, काहींनी त्याला हाकलून दिलं. गुंताबाईनं नाही म्हटलं आणि पाणीही विचारलं नाही. जे नाही म्हणाले त्यांची नावं त्यानं परत येऊन एकेक करून पुसली.

रायलीचं लग्न त्यानंतरच्या वर्षी चोपड्याकडच्या एका पाड्यावर झालं. लग्नाआधी ती आणि तो मुलगा दोघं दवाखान्यात येऊन मॅडमशी तासभर बोलून गेली होती. तिला अभिमननं विचारलं तेव्हा ती म्हणाली, ठेव नाव. पण कुणी मागितलं तर आधी माझ्या घरी यायचं.

दोनदा मागितलं गेलं. दोन्ही वेळा तो गेला, गाडीरस्ता संपतो तिथून पुढं पायी. पहिल्या वेळी एका मोठ्या दवाखान्याला गरोदर वाहक बायांची माहिती हवी होती. रायलीच्या कडेवर मूल होतं, तिनं सगळं विचारून घेतलं आणि हो म्हटलं. दुसऱ्या वेळी कुणाला कशासाठी हवं आहे ते अभिमनला नीट सांगता येईना. पत्रातच ते नीट लिहिलेलं नव्हतं. तिनं शेंगा फोडता फोडता मान हलवली. नही म्हणाली. तो थोडा वेळ बसला, मूठभर शेंगा खाल्ल्या, आणि नाही असं लिहून द्यायला चोपड्याला परत आला.